टोमॅटोचे शेंडे कोणी खाल्ले?

पत्र : सप्रेम नमस्कार. आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. घरामागे मोकळे गवत आहे आणि त्यापलीकडे झाडी सुरू होते. या उन्हाळ्यात माझे सासरे आमच्याकडे आले आहेत. जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ त्यांची टोमॅटोची शेती आहे. त्यांनी मोठ्या हौसेने मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात चार बाय आठ फुटांच्या वाफ्यात आठ रोपे लावली आणि काठ्या रोवून बांधणीही केली. जूनच्या अखेरीस झाडे कंबरेएवढी होऊन फुलांवर आली, आणि एका सकाळी पाहतो तो सहा झाडांचे शेंडे नाहीसे झालेले. दोन दिवसांनी उरलेल्या दोन झाडांवरचे खालचे हिरवे टोमॅटो अर्धवट कुरतडून टाकलेले सापडले. सासऱ्यांनी बुजगावणे उभे केले. मैत्रिणीने साबणाच्या वड्या टांगायला आणि डांबराच्या गोळ्या टाकायला सांगितले. दुकानातून एक दुर्गंधी फवाराही आणला, पण पाऊस झाला आणि पुन्हा तेच. मुलांना मात्र हरणे फार आवडतात. ती झाडीच्या कडेला त्यांच्यासाठी कलिंगडाच्या साली ठेवतात. पक्के कुंपण घालायचे तर आमच्या वसाहतीच्या संघटनेची परवानगी लागते. झाडे वाचतील का, आणि आता नेमके काय करावे?
— एक वाचक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते आनंदाचे आहे आणि तुमच्या सासऱ्यांनी रागाच्या भरात झाडे उपटण्याआधी ते तुमच्यापर्यंत पोहोचायला हवे. झाडे वाचतील. टोमॅटोचा शेंडा गेला तरी झाड मरत नाही. खोड शाबूत असेल आणि खाली चार-पाच पाने उरली असतील, तर पानांच्या बेचक्यांतून आठवडाभरात बगलफुटी निघतात. एरवी आपण ज्या बगलफुटी खुडून टाकतो, त्यांतलीच सर्वांत जोमदार एक किंवा दोन या वेळी राखायच्या आणि त्यांनाच नवा शेंडा म्हणून काठीला बांधायचे. त्यांना फुले यायला तीन-चार आठवडे लागतील आणि फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत साधारण ६ ते ८ आठवडे, म्हणजे तुम्हाला सप्टेंबरमध्ये फळ मिळेल. तुमच्या भागात झाडे मारणारी पहिली थंडी सहसा ऑक्टोबरच्या मध्यानंतर येते, त्यामुळे हातात वेळ आहे. आठांपैकी एखादे झाड पार बुडख्यापर्यंत गेले असेल, तर शाबूत झाडावरची वीतभर लांबीची बगलफूट काढून पाण्याच्या पेल्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत तिला मुळे फुटतात. चेरी टोमॅटोची असेल तर फारच उत्तम, कारण ते लवकर येतात. फक्त आत्ता दया येऊन भरपूर नत्रखत घालू नका. त्याने पाला लुसलुशीत होतो, फळ लांबते, आणि लुसलुशीत पाला म्हणजे पाहुण्यांना पुन्हा आवतण.

आता गुन्हेगाराकडे वळू. तुमच्या पत्रात एक नाही, बहुधा दोन वेगवेगळ्या प्राण्यांची कामे मिसळली आहेत, आणि तुमचे उपाय वाया जाण्याचे अर्धे कारण तेच आहे. म्हणून पैसे खर्च करण्याआधी एकदा वाफ्याशी उकिडवे बसून तुटलेल्या देठाचे टोक डोळ्यांजवळ घेऊन पाहा. हरणाच्या वरच्या जबड्याला पुढचे दात नसतात. आपल्या गाईगुरांसारखेच ते खालचे दात आणि वरची घट्ट हिरडी यांच्यात पाला धरून हिसडा देते. त्यामुळे त्याने खाल्लेल्या देठाचे टोक चावलेल्या दातणासारखे दिसते, तंतू सुटलेले आणि एका बाजूला साल सोललेली. ससा याच्या उलट. त्याने तोडलेली फांदी विळीवर तिरकी चिरल्यासारखी स्वच्छ असते आणि ती जमिनीपासून दोन फुटांच्या आतच असते. कंबरेएवढ्या झाडाचे शेंडे सशाला पोहोचत नाहीत, म्हणून तो तुमच्या यादीतून वगळता येईल.

एक तिसरा संशयितही तपासून घ्या, कारण त्याचा दोष पुष्कळदा हरणांच्या माथी मारला जातो. टोमॅटो हॉर्नवर्म नावाची तीन-चार इंच लांबीची, शेपटीवर शिंग असलेली हिरवी अळी इथे उन्हाळ्यात येते. एका रात्रीत ती शेंड्याकडचा सगळा पाला फस्त करू शकते, पण ती देठ तोडत नाही. पाने जातात आणि काड्या उभ्या राहतात, शिवाय खालच्या पानांवर काळ्या मिरीएवढ्या विष्ठेच्या गोळ्या पडलेल्या असतात. ती पानाच्या रंगात इतकी मिसळते की समोर असून दिसत नाही. रात्री अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी मारली की मात्र ती हिरवी चमकते, आणि हे काम मुलांकडे सोपवले तर ती झोपायला तयार होणार नाहीत. सापडलेली अळी उचलून साबणाच्या पाण्यात टाकावी. तिच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोश चिकटलेले असतील तर तिला हात लावू नका. ते एका लहानशा गांधीलमाशीच्या जातीचे कोश असतात, त्या अळीचे दिवस भरलेलेच असतात आणि त्यातून निघणाऱ्या माश्या पुढच्या अळ्यांचा समाचार घेतात.

तरीही शंका राहिली, तर सासऱ्यांना संध्याकाळी वाफ्याभोवतीची माती दाताळ्याने सारखी करून ठेवायला सांगा. सकाळी तिच्यावर दोन टोकदार पाकळ्यांचा खूर उमटलेला दिसला किंवा शेळीच्या असतात तशा लेंड्या दिसल्या, की शेंड्यांचा निकाल लागला. खालचे अर्धवट कुरतडलेले हिरवे टोमॅटो मात्र मला हरणाचे वाटत नाहीत. हरीण फळ खाते तेव्हा बहुतेक आख्खे नेते. दातांच्या रुंद खुणा उमटवून फळ तिथेच टाकणारा, भर दिवसा येणारा आणि डेकखाली (घराला जोडलेल्या लाकडी ओट्याखाली) किंवा शेडखाली बीळ करणारा प्राणी म्हणजे वुडचक, ज्याला ग्राउंडहॉग असेही म्हणतात. घराच्या कडेने फिरून पाहा. एखाद्या ठिकाणी ताज्या मातीचा ढीग आणि त्यामागे वीतभर रुंद भोक दिसले, तर तुमचा दुसरा पाहुणा सापडला.

हरणांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण ती कशी वागतात हे कळल्याशिवाय कुंपणाची उंची ठरत नाही. तुमच्याकडे येते ते पांढऱ्या शेपटीचे हरीण, म्हणजे इथले व्हाइट-टेल्ड डिअर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकारीमुळे आणि जंगलतोडीमुळे हे हरीण या राज्यात जवळजवळ संपत आले होते. मग संरक्षण मिळाले, त्याला खाणारे लांडगे आधीच गेले होते, आणि गेल्या शतकात उपनगरे पसरत गेली तसे त्याला हवे तेच मिळत गेले. घनदाट रान त्याला फारसे मानवत नाही. एका बाजूला लपायला झाडी आणि दुसऱ्या बाजूला चरायला कोवळा पाला अशी रानाची कड त्याला लागते, आणि तुमचे परसदार अगदी तसेच आहे. टोमॅटोच्या पाल्यात टोमॅटिन नावाचे कडवट द्रव्य असते, त्यामुळे हरीण त्याला तोंड लावणार नाही असे तुम्हाला कोणी सांगितले असेल. अन्न मुबलक असते तेव्हा ते काही अंशी खरेही असते. पण पावसाने ओढ दिली, किंवा पाडसाला पाजणाऱ्या हरणीला भूक लागली, की ती शेंडा, फुले आणि फळे खाऊन जुना पाला तेवढा मागे ठेवते. ही मंडळी संध्याकाळी दिवेलागणीला आणि पहाटे फिरतात, म्हणून तुम्हाला गुन्हा दिसत नाही, नुकसानच दिसते.

कलिंगडाच्या साली आजपासून बंद करा. मुलांना वाईट वाटेल हे मला कळते. माझी नातही दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. पण हरणाला एकदा घराची सवय लागली की ते साली संपल्यावर थांबत नाही, पुढचे पान कोठे वाढले आहे ते शोधते. अनेक टाउनशिपमध्ये, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनांत, हरणांना खाऊ घालण्यास बंदीही आहे, तेव्हा तुमच्याकडचा नियम पाहून घ्या. मुलांना दुसरी एक गोष्ट मात्र जरूर सांगा. या दिवसांत गवतात एकटेच निपचित बसलेले ठिपक्यांचे पाडस दिसले, तर ते अनाथ नसते. हरणी त्याला मुद्दाम तसे बसवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. त्याला उचलून घरात आणू नये, दुधाची बाटली तर मुळीच लावू नये.

आता तुम्ही करून पाहिलेल्या उपायांबद्दल. बुजगावणे पहिल्या दोन-तीन रात्री चालते. जे हलत नाही आणि ज्याला वास नाही, त्याच्याशी हरीण चौथ्या दिवशी ओळख करून घेते. साबणाच्या वड्या मी स्वतः इथे आल्यावर पहिल्या वर्षी टांगल्या होत्या, घरातल्या जुन्या पायमोज्यांत बांधून, आठ झाडांना आठ. त्याचा परिणाम वडीभोवती हात-दीड हातापलीकडे जात नाही, आणि भुकेपुढे तेवढाही उरत नाही. त्या वर्षी माझ्या बागेत साबण तेवढा शिल्लक राहिला. केस, लसूण, कॉफीचा चोथा यांची गोष्ट वेगळी नाही. झेंडूबद्दलही मला दर वर्षी कोणीतरी विचारते. हरणे झेंडू सहसा सोडून देतात, पण जे झाड हरीण खात नाही ते शेजारच्या झाडाची राखण करते असे नाही. झेंडूच्या ओळीवरून मान लांब करून टोमॅटो खाणे हा त्याच्यासाठी अर्ध्या मिनिटाचा खेळ आहे.

डांबराच्या गोळ्यांबद्दल मात्र मी केवळ ‘उपयोग नाही’ एवढ्यावर थांबणार नाही. त्या टाकल्या असतील तर आजच हातमोजे घालून वेचून काढा. त्या बंद पेटीतल्या कपड्यांसाठी केलेले कीटकनाशक आहे आणि उघड्यावर, मातीत टाकणे इथे कायद्याने चालत नाही. त्यांतले नॅफ्थालीन किंवा पॅराडायक्लोरोबेंझीन हवेत आणि मातीत उतरते, लहान मूल गोळीला खडीसाखर समजून तोंडात घालू शकते, आणि हे सगळे तुमच्या खाण्याच्या वाफ्यात. आपल्याकडे कपाटापासून न्हाणीघरापर्यंत सगळीकडे त्या असतात, म्हणून आपल्याला त्यांची भीती वाटत नाही, वाटायला हवी.

दुर्गंधी फवारा हा यातला एकमेव उपाय, ज्यात काही तथ्य आहे. अशा बहुतेक फवाऱ्यांत सडवलेल्या अंड्याचा अंश असतो आणि त्या वासाने हरणाला जवळपास मांसाहारी जनावर असल्याचा भास होतो. पण तुमच्या अनुभवात तो फसला याची कारणे सरळ आहेत. एक तर पाऊस त्याला धुऊन नेतो. दुसरे, जूनमध्ये टोमॅटोचे झाड रोज वाढते. तुम्ही रविवारी फवारलेली पाने जुनी होतात आणि बुधवारपर्यंत वर आलेल्या नव्या शेंड्यावर काहीच नसते, आणि हरणाला हवा असतो तो नेमका तोच शेंडा. म्हणजे आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक जोरदार पावसानंतर पुन्हा, असे सप्टेंबरपर्यंत करावे लागेल. शिवाय डब्यावरचे लेबल नीट वाचा. काही फवारे फक्त शोभेच्या झाडांसाठी असतात. खाण्याच्या पिकावर चालतो असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच वापरा आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे ते पाहा. घरी अंडी घोळून फवारण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण कोशिंबिरीत कच्च्या जाणाऱ्या फळावर कच्चे अंडे शिंपडणे शहाणपणाचे नाही.

हालचाल टिपून पाणी उडवणारे तुषारयंत्र बाजारात मिळते, ते यापेक्षा बरे. हरीण दचकते, कारण आवाज, हालचाल आणि पाणी एकदम येते. मात्र दर चार-पाच दिवसांनी त्याची जागा बदलावी लागते, नाहीतर हरणांना त्याचीही सवय होते. आणि पहाटे उठून वाफ्याकडे जाण्याची सवय असलेल्या शेतकऱ्याला ते कोठे बसवले आहे हे आधी सांगून ठेवा.

पण खरे सांगायचे तर हे सगळे कुंपण होईपर्यंतचे दिवस काढण्याचे मार्ग आहेत. न्यू जर्सीत झाडीच्या कडेला राहून टोमॅटो खायचे असतील, तर झाड आणि हरीण यांच्यामध्ये जाळी हवी. पांढऱ्या शेपटीचे हरीण मनात आले तर सात-आठ फूट उंच उडी मारते, म्हणून मोठ्या बागेला आठ फुटांचे कुंपण सांगितले जाते. तुमची जागा लहान आहे आणि तेच तुमच्या पथ्यावर पडणारे आहे. उडी मारल्यावर पाय कोठे टेकतील आणि परत बाहेर कसे पडता येईल हे दिसत नसेल, तर हरीण अडचणीच्या जागेत उडी घ्यायला कचरते. त्यामुळे वाफ्याभोवती सगळीकडून दोन फूट चालायला जागा सोडून आठ बाय बारा फुटांचा पिंजरा केलात, तर सहा फूट उंचीवर सहसा काम भागते. दोन फूट सोडण्याचे आणखी एक कारण असे की जाळी झाडाला टेकलेली असेल तर हरीण बाहेर उभे राहून जाळीतून ओढून पाला खाते.

साहित्य फार लागत नाही. आठ फूट लांबीचे लोखंडी टी-पोस्ट सहा घ्या, चार कोपऱ्यांना चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर एकेक. ते दोन फूट जमिनीत ठोकले की सहा फूट वर राहतात. ठोकण्यापूर्वी काही दिवस आधी ८११ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा फुकट आहे. माणसे येऊन जमिनीखालच्या गॅसच्या आणि विजेच्या वाहिन्यांवर रंगाच्या खुणा करून जातात. आपल्याकडे पहार घेऊन थेट खड्डा करायची सवय असते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. खांबांना काळी प्लॅस्टिकची डिअर जाळी बांधा आणि ती ताणून बांधा. सैल जाळीत पक्षी आणि साप अडकून मरतात. ही काळी जाळी हरणाला अंधारात दिसत नाही आणि ते पळत येऊन तिच्यात घुसते, म्हणून पहिल्या महिन्यात तिच्यावर तीन-चार फुटांच्या उंचीवर पांढऱ्या चिंध्या बांधून ठेवा. सासऱ्यांचे एखादे विरलेले धोतर सामानात आले असेल तर त्याचे याहून चांगले काही होणार नाही. दार म्हणून एका बाजूची जाळी आकड्यांवर अडकवता येईल अशी ठेवली तरी चालते, पण तिची उंची बाकीच्या जाळीएवढीच हवी आणि ती रोज संध्याकाळी बंद व्हायला हवी. हरीण उडी मारण्याआधी खालून फट शोधते. जाळीची खालची कड सैल राहिली तर ते मान घालून, गुडघे टेकून आत सरकते.

आणि इथेच माझी एक फजिती सांगते. साबणाच्या पुढच्या वर्षी मी अशीच उंच जाळी उभारली, महिनाभर एकही पान गेले नाही, आणि जुलैत फळ रंगायला लागल्यावर एका दुपारी पाहते तो जाळीच्या आत, टोमॅटोच्या सावलीत, एक लठ्ठ वुडचक दोन हातांत टोमॅटो धरून मांडी ठोकून बसलेला. त्याने प्लॅस्टिकची जाळी खालून कुरतडली होती. हरणाला उंची अडवते, वुडचकला खोली. म्हणून त्याच खांबांना खालच्या बाजूने अर्ध्या इंचाच्या चौकोनांची गॅल्व्हनाइज्ड तारेची जाळी, जिला दुकानात हार्डवेअर क्लॉथ म्हणतात, तीन फूट रुंदीची घेऊन लावा: दोन फूट उभी आणि उरलेला एक फूट बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवून दोन-तीन इंच मातीखाली पुरलेली. वुडचक कुंपणाला नाक लावून तिथेच खणायला सुरुवात करतो, त्याला खाली पुन्हा तार लागते. एक फूट मागे जाऊन खणावे हे त्याला सहसा सुचत नाही. तो चढतोही. पण तारेवरची प्लॅस्टिकची जाळी हलती असते आणि हलत्या गोष्टीवर चढणे त्याला आवडत नाही. पिंजरा लावून त्याला पकडून दूरच्या उद्यानात सोडून यावे, असा विचार घरात निघाला तर तो मोडून काढा. रानटी प्राणी पकडून दुसरीकडे सोडण्यावर राज्याचे निर्बंध आहेत, आणि रिकामे बीळ दुसरा वुडचक थोड्याच दिवसांत भाड्याने घेतो.

संघटनेच्या परवानगीचा प्रश्न बहुधा वाटतो तेवढा कठीण नाही. नियमावल्यांमध्ये बंदी असते ती सहसा कायमच्या, जमिनीच्या हद्दीवर घातलेल्या कुंपणाला. वाफ्याभोवतीची, मेमध्ये उभारून ऑक्टोबरमध्ये काढून ठेवायची काळी जाळी वीस पावलांवरून दिसतही नाही, आणि तिला हंगामी बागकाम साहित्य म्हणता येते. तरीही तोंडी विचारू नका; मोजमाप, उंची आणि काढण्याचा महिना लिहून पत्र द्या आणि उत्तर लेखी मागा. टाउनशिपचे उंचीचे नियम वेगळे असतात, तेही पाहा. नकारच आला, तर पुढच्या वर्षी झाडे मोठ्या कुंड्यांत, निदान वीस लिटरच्या, वरच्या मजल्याच्या डेकवर लावा. सहा-आठ तास ऊन मिळत असेल तर टोमॅटोला त्याची काही तक्रार नसते. तुमच्या काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, रटगर्स विद्यापीठाच्या विस्तारसेवेचे, म्हणजे शेती-बागकामाचा सल्ला देणाऱ्या सेवेचे, कार्यालय असेल. राज्याच्या एकवीसही काउंट्यांत ही सेवा आहे आणि तिथले प्रशिक्षित स्वयंसेवक फोनवर विनामूल्य सल्ला देतात. याच विद्यापीठाने १९३४ साली ‘रटगर्स’ नावाचे टोमॅटोचे वाण काढले होते, ते अजून लोक लावतात. सासऱ्यांना एक दिवस तिथे घेऊन जा, त्यांच्याशी बोलायला त्यांना समव्यवसायी भेटतील.

खारी आणि चिपमंक (पाठीवर पट्टे असलेली इथली लहान खार) यांना कोणतेही कुंपण अडवत नाही. त्या पिकू घातलेल्या टोमॅटोचा एक घास घेतात आणि तो कठड्यावर ठेवून निघून जातात, पुष्कळदा निव्वळ पाण्यासाठी. त्यांच्यावर उपाय म्हणजे फळाला रंगाची पहिली झाक येताच ते तोडून स्वयंपाकघरात ठेवणे. नारायणगावच्या बाजारात लांबच्या गाडीसाठी माल कोणत्या रंगावर तोडतात हे तुमच्या सासऱ्यांना मी सांगायला नको. त्या अवस्थेत झाडाकडून फळाला मिळायचे ते मिळालेले असते आणि घरात ते चार-सहा दिवसांत नीट पिकते; फक्त फ्रिजमध्ये ठेवू नका. चेरीच्या घोसांना लग्नात भेटवस्तूंसाठी वापरतात तसल्या ऑर्गंझाच्या जाळीदार पिशव्या बांधल्या तरी चालतात. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, आणि पिशवी तर फळ धरल्यावरच बांधायची असते.

वाफ्यात काम करून आल्यावर मात्र एक नियम घरातल्या सगळ्यांनी पाळा. जिथे हरणे येतात तिथे गोचीड येते, आणि इथल्या काळ्या पायांच्या गोचिडीतून लाइम नावाचा आजार होतो. कनेटिकटमधल्या ज्या गावात तो प्रथम नीट ओळखला गेला, त्याचे हे नाव. मे ते जुलै या काळात तिची पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असतात, गुरांच्या अंगावर आपण पाहिलेल्या टपोऱ्या गोचिडीशी त्यांचे काही साम्य नसते, म्हणून ती नजरेतून सुटतात. लांब पँट मोज्यांत खोचून बाहेर जावे, आत आल्यावर अंघोळ करताना गुडघ्यांच्या मागे, काखेत, जांघेत आणि केसांच्या कडेला पाहावे. चिकटलेली सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल, काडी, चुना असे काही करू नये. चोवीस तासांच्या आत निघाली तर धोका पुष्कळ कमी होतो. नंतर ताप किंवा पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांकडे जाऊन गोचीड चावल्याचे स्पष्ट सांगा.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून रात्रीच्या तापमानाकडे लक्ष ठेवा. पारा गोठणबिंदूकडे निघाला असे अंदाजात दिसले, की आदल्या संध्याकाळी झाडावरचे झाडून सगळे टोमॅटो, हिरवे आणि कच्चेसुद्धा, उतरवून घ्या. ज्यांच्यावर थोडी झाक आली असेल ते वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, ते नोव्हेंबरपर्यंत पुरतात. उरलेल्या कडक हिरव्यांची तीळ, शेंगदाणे आणि हिरवी मिरची घालून परतून चटणी करा, आणि जाळी गुंडाळण्याआधी तिचे कोणते कोपरे कुरतडले गेले आहेत ते सुतळीने बांधून खूण करून ठेवा, म्हणजे मे महिन्यात शोधत बसावे लागणार नाही.